विश्लेषण : डासाच्या पोटातले दहा दिवस, रोनाल्ड रॉस यांनी नेमके काय शोधले?

दरवर्षी २० ऑगस्टला जागतिक डास दिन पाळला जातो. नागपुरात ही तारीख ऐन पावसाळ्यात येते. प्रताप नगर, त्रिमूर्ती नगर, खामला या पट्ट्यात तेव्हा कूलर बंद होऊन दीड-दोन महिने झालेले असतात, पण टाकीच्या तळाशी पाणी तसेच राहिलेले असते. कोरडा दिवस पाळा, सेप्टिक टँकच्या पाइपला जाळी लावा, टाक्या झाका, ताप आला तर रक्त तपासा, हे सारे दरवर्षी सांगितले जाते. या सूचनांची मुळे एका ब्रिटिश लष्करी डॉक्टरने १८९७ साली सिकंदराबादमध्ये केलेल्या एका निरीक्षणापर्यंत जातात. डासामुळे हिवताप होतो, एवढेच त्या शोधाचे सार आज शाळेत शिकवले जाते. प्रत्यक्षात तो शोध बराच गुंतागुंतीचा होता. डास किती दिवस जगतो, कोणाचे रक्त पितो, कुठे अंडी घालतो यावर माणसातील रोगाची चाल ठरते, हे त्यातून पुढे आले.

कवी व्हायचे होते, डॉक्टर झाले

रोनाल्ड रॉस यांचा जन्म १३ मे १८५७ रोजी अल्मोड्याचा. मेरठला उठाव सुरू होऊन तीनच दिवस झाले होते. वडील लष्करात अधिकारी. दहा भावंडांत रोनाल्ड थोरले. आठव्या वर्षी त्यांना शिक्षणासाठी इंग्लंडला नातेवाइकांकडे पाठवण्यात आले. मुलाला ओढ होती कविता, संगीत, चित्रकला आणि गणिताची. वडिलांना हवा होता हिंदुस्थानातील वैद्यकीय सेवेत जाणारा डॉक्टर. वडिलांचे म्हणणे चालले. लंडनच्या सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयात त्यांनी शिक्षण घेतले, तेही रमतगमत. एक परीक्षा उत्तीर्ण, दुसरीत नापास, मग काही काळ जहाजावर डॉक्टर, असे करत १८८१ मध्ये ते इंडियन मेडिकल सर्व्हिसमध्ये दाखल झाले.

पुढची काही वर्षे मद्रास इलाखा, ब्रह्मदेश, अंदमान अशा नेमणुकांत गेली. काम फारसे नसे. रॉस कादंबऱ्या लिहीत, पद्यरचना करीत, गणिताची पुस्तके वाचीत. या काळातला एक प्रसंग मात्र महत्त्वाचा आहे. १८८३ मध्ये बंगळूरला असताना त्यांच्या बंगल्यात डासांचा सुळसुळाट होता. खिडकीबाहेरच्या पिंपात अळ्या वळवळताना दिसल्या. पिंप उपडे केले, डास कमी झाले. हाच उपाय छावणीतल्या इतर पिंपांवर करू या, असे त्यांनी वरिष्ठांना सुचवले. निसर्गाने डास काही हेतूनेच निर्माण केले असतील, तेव्हा ते सहन करावेत, अशा अर्थाचे उत्तर मिळाले. डासांचा हिवतापाशी संबंध आहे, याची त्या वेळी रॉस यांनाही कल्पना नव्हती.

मुंबईत जे आधीच दिसले होते

हिवताप खराब हवेने होतो, दलदलीतून उठणाऱ्या वाफांनी होतो, अशी समजूत शतकानुशतके होती. ‘मलेरिया’ या इटालियन शब्दाचा अर्थही तोच, वाईट हवा. १८८० मध्ये अल्जेरियात फ्रेंच लष्करी डॉक्टर अल्फोन्स लॅव्हरान यांना रुग्णाच्या रक्तात काळसर कण असलेले, शेपट्या हलवणारे जीव दिसले. हिवतापाचा परोपजीवी तो हाच. त्यावर अनेक वर्षे कुणी विश्वास ठेवायला तयार नव्हते.

मुंबईत हेन्री व्हॅनडाइक कार्टर यांनी १८८० च्या दशकाच्या अखेरीस हे जीव स्वतः पाहून त्याविषयी लिहिले होते. वैद्यकीय विद्यार्थ्यांना हे नाव वेगळ्या कारणाने ठाऊक असायला हवे. ग्रे यांच्या प्रसिद्ध शरीररचनाशास्त्राच्या ग्रंथातील चित्रे याच कार्टर यांची. त्याच देशात, त्याच सरकारच्या सेवेत असलेल्या रॉस यांना मात्र लॅव्हरान यांचे जीव दिसले नाहीत. पुरेशी तयारी नसताना सूक्ष्मदर्शक वापरून त्यांनी असे काही अस्तित्वातच नाही, असा निष्कर्ष काढला आणि हिवताप आतड्यांतील बिघाडाने होतो, असे लेखही लिहिले. इतक्या ठामपणे चुकलेला माणूस चार-पाच वर्षांत त्याच प्रश्नाचे उत्तर शोधतो, हे विज्ञानाच्या इतिहासातही फार वेळा घडलेले नाही.

हा बदल १८९४ मध्ये झाला. रजेवर लंडनला असताना रॉस डॉ. पॅट्रिक मॅन्सन यांना भेटले. मॅन्सन यांनी त्यांना सूक्ष्मदर्शकाखाली परोपजीवी दाखवला आणि हा जीव पुढे डासात वाढत असावा, अशी आपली कल्पनाही सांगितली.

मॅन्सन यांची अर्धी बरोबर कल्पना

ही कल्पना हवेतून आलेली नव्हती. चीनमधील अमॉय बंदरात काम करताना मॅन्सन यांनी १८७७ च्या सुमारास हत्तीरोगाच्या कृमीची पिल्ले रुग्णाच्या रक्तातून डासाच्या शरीरात जातात आणि तिथे वाढतात, हे दाखवले होते. माणसाच्या परोपजीवीची वाढ कीटकात होते, याचा तो पहिला ठोस पुरावा. पण डास एकदाच रक्त पितो, अंडी घालतो आणि पाण्यात मरतो, अशी मॅन्सन यांची समजूत होती. त्यामुळे मेलेल्या डासातून कृमी पाण्यात उतरतात आणि ते पाणी पिऊन माणसाला रोग होतो, असे त्यांनी मानले. हिवतापालाही त्यांनी तोच नियम लावला.

मादी डास आयुष्यात अनेकदा चावते. प्रत्येक वेळी अंडी तयार करण्यासाठी तिला रक्त लागते. ही एक गोष्ट मॅन्सन यांना ठाऊक असती, तर रॉस यांची दोन वर्षे वाचली असती.

१८९५ मध्ये रॉस मुंबई बंदरात उतरले, ते या कल्पनेने झपाटूनच. सामान कस्टममधून सुटण्याआधीच ते रुग्णालयात हिवतापाचे रोगी शोधायला गेले आणि रक्ताच्या काचपट्ट्या तयार करू लागले. पुढे नेमणूक झाली सिकंदराबादला. तिथे त्यांनी मॅन्सन यांच्या म्हणण्याप्रमाणे रुग्णाचे रक्त प्यालेले डास ज्या पाण्यात मेले, ते पाणी पैसे देऊन तयार झालेल्या माणसांना पाजले. आजच्या कोणत्याही नीतिसमितीने हा प्रयोग दारातच अडवला असता. एकाला थोडा ताप आला, त्याने रॉस यांची दिशाभूलच अधिक झाली. नंतर इतर कुणाला काही झाले नाही.

चुकीचा डास

पाण्याची कल्पना सोडून रॉस डासांचे पोट फाडून पाहू लागले. रुग्णाला मच्छरदाणीत झोपवायचे, आत डास सोडायचे, रक्त प्यालेले डास बाटलीत ठेवायचे आणि रोज एकेकाची चिरफाड करायची. शेकडो डास झाले, हाती काही लागले नाही. यामागचे कारण त्या वेळी कोणालाच माहीत नव्हते. रॉस यांच्याकडे आणले जाणारे डास प्रामुख्याने घरगुती राखाडी आणि पट्टेरी जातींचे, म्हणजे आजच्या भाषेत क्युलेक्स आणि एडिस होते. माणसाचा हिवताप या डासांत वाढतच नाही. परोपजीवी त्यांच्या पोटात रक्ताबरोबर जातो आणि पचून जातो.

कीटकवाहकाचे महत्त्व इथूनच लक्षात येते. डास म्हणजे परोपजीवीला एका माणसाकडून दुसऱ्याकडे नेणारी सुई नव्हे. हिवतापाच्या परोपजीवीचे लैंगिक प्रजनन डासाच्या शरीरातच होते. नर आणि मादी पेशींचा संयोग डासाच्या पोटात होतो, त्यातून तयार झालेला जीव जठराच्या भिंतीत शिरतो, तिथे गाठ धरतो आणि गाठ फुटली की हजारो सूक्ष्म धागे डासाच्या लाळग्रंथींकडे जातात. हे सारे घडण्यासाठी डास योग्य जातीचा हवा. जगात डासांच्या साडेतीन हजारांच्या आसपास जाती आहेत. माणसाचा हिवताप पसरवतात त्या फक्त अ‍ॅनोफिलीस कुळातल्या, आणि त्यातल्याही काहीच.

ऑगस्ट १८९७ मध्ये रॉस यांच्या मदतनिसांनी वेगळ्याच अळ्या आणल्या. त्यांतून निघालेल्या डासांच्या पंखांवर ठिपके होते आणि भिंतीवर बसताना ते शेपटीकडची बाजू वर उचलून बसत. १६ ऑगस्टला हुसेन खान या हिवतापाच्या रुग्णाला हे डास चावू देण्यात आले. एका डासामागे एक आणा, असे त्याला मिळाले. बेगमपेठच्या छोट्याशा लष्करी रुग्णालयात उकाडा असह्य होता, पण पंखा ओढायला सांगावा तर चिरलेले डास उडून जाणार. घामाने सूक्ष्मदर्शकाचे स्क्रू गंजले होते. २० ऑगस्टच्या दुपारी, मोजकेच डास उरले असताना, एका डासाच्या जठराच्या भिंतीत रॉस यांना गोल पेशी दिसल्या. त्यांत हिवतापाच्या परोपजीवीत असतात तसेच काळे कण होते. दुसऱ्या दिवशी शेवटचा डास फाडला. त्याच्यात त्या पेशी अधिक मोठ्या झालेल्या होत्या. एका दिवसात वाढणारी गोष्ट जिवंत असली पाहिजे, आणि असे कण असलेली जिवंत गोष्ट एकच होती.

डिसेंबर १८९७ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये याविषयीचा लेख छापून आला. शीर्षकात दोनच डासांचा उल्लेख होता, कारण पुरावा तेवढाच होता. सिकंदराबाद तेव्हा निजामाच्या राज्यात होते, ज्या राज्यात आपला मराठवाडाही होता.

प्लेगची धास्ती आणि चिमण्या

शोध लागला आणि महिन्याभरात रॉस यांची बदली झाली. मुंबईमार्गे त्यांना राजपुतान्यातील खेरवाड्याला पाठवण्यात आले, जिथे हिवतापाचे रुग्ण जवळपास नव्हतेच. मॅन्सन यांनी लंडनहून खटपट केली, तेव्हा कुठे १८९८ च्या फेब्रुवारीत त्यांना कोलकात्यात संशोधनासाठी नेमणूक मिळाली.

पण तिथे वेगळीच अडचण उभी राहिली. ते दिवस प्लेगचे होते. मुंबईत १८९६ मध्ये साथ सुरू झाली होती. पुण्यात घरझडतीच्या जाचामुळे लोक संतापले होते, जून १८९७ मध्ये तिथे रँडवर गोळ्या झाडल्या गेल्या होत्या. कोलकात्यातही सरकारी डॉक्टर टोचायला आला म्हणजे प्लेगची लस टोचणार, या भीतीने लोक पळत. बोटाला सुई लावून घ्यायला रुग्ण तयार होईनात. सरकारी आरोग्ययंत्रणेवरचा विश्वास उडाला की त्याची किंमत भलत्याच कामाला मोजावी लागते, याचे हे जुने उदाहरण.

रॉस यांनी मग चिमण्या आणि चंडोल घेतले. पक्ष्यांनाही हिवताप होतो, आणि त्याचा परोपजीवी माणसाच्या परोपजीवीचा जवळचा नातेवाईक. मोहम्मद बक्ष हा मदतनीस डास पकडणे, पिंजऱ्यांची व्यवस्था पाहणे ही कामे करी. पक्ष्यांच्या हिवतापासाठी घरगुती राखाडी डासच योग्य ठरला. दिवसागणिक डास फाडत रॉस यांनी परोपजीवीचा सगळा प्रवास पाहिला, आणि ४ जुलै १८९८ रोजी तो प्रवास कुठे संपतो तेही दिसले. धाग्यांसारखे जीव डासाच्या डोक्याजवळच्या लाळग्रंथीत गोळा झाले होते. म्हणजे डास चावताना लाळ सोडतो, त्याच वाटेने रोग शरीरात शिरतो. असे डास निरोगी चिमण्यांना चावू दिले, आणि काही दिवसांत त्या चिमण्यांच्या रक्तात परोपजीवी आढळला. मेलेल्या डासाच्या पाण्याची कल्पना तिथे संपली.

माणसातील हिवतापाचे पूर्ण चक्र त्याच वर्षाच्या अखेरीस इटलीत जोवान्नी ग्रासी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अ‍ॅनोफिलीसमध्ये दाखवले. श्रेय कुणाचे, यावर रॉस आणि ग्रासी यांच्यात झालेला वाद दोघांच्याही आयुष्यभर पुरला.

दहा दिवस का महत्त्वाचे?

रॉस यांचे गणितप्रेम इथे कामी आले. १८९९ मध्ये नोकरी सोडून ते लिव्हरपूलच्या नव्या उष्णकटिबंधीय वैद्यक संस्थेत गेले, १९०२ मध्ये त्यांना वैद्यकशास्त्राचे नोबेल मिळाले. पण त्यांचे स्वतःचे सर्वात आवडते काम त्यानंतरचे. १९०७-०८ मध्ये ते मॉरिशसला गेले. कोकणातून गेलेले मराठी मजूर जिथे उसाच्या मळ्यांत राबत होते, तेच हे बेट. तिथे १८६० च्या दशकात हिवताप शिरला आणि त्याने हजारो बळी घेतले होते. तिथल्या अहवालात आणि १९११ च्या ग्रंथात रॉस यांनी रोगाचे समीकरण मांडले. त्यांचा निष्कर्ष अनेकांना विचित्र वाटला. हिवताप घालवण्यासाठी शेवटचा डास मारण्याची गरज नाही. माणशी डासांची संख्या एका मर्यादेखाली गेली, की साथ आपोआप विझते.

हे कसे, ते समजून घेण्यासाठी डासाचे वय पाहावे लागते. रुग्णाचे रक्त प्यायल्यावर डास लगेच रोग देऊ शकत नाही. परोपजीवी लाळग्रंथीत पोहोचायला साधारण दहा ते चौदा दिवस लागतात. तोपर्यंत डास जगला, तरच तो धोकादायक. समजा, एका वस्तीत रोज दहापैकी नऊ डास दुसरा दिवस पाहतात. मग एक हजार डासांपैकी दहा दिवसांनी सुमारे साडेतीनशे उरतील. रोज दहापैकी आठच जगत असतील, तर १०७. सातच जगत असतील, तर फक्त २८. रोजच्या जगण्यातला थोडासा फरक दहा दिवसांत केवढा होतो, हे या आकड्यांतून दिसते. रॉस यांच्या नावाच्या लंडनमधील संस्थेचे प्रमुख जॉर्ज मॅकडोनाल्ड यांनी १९५० च्या दशकात हाच मुद्दा पुढे नेला. घराच्या भिंतींवर कीटकनाशक फवारण्यामागचे गणित हेच. रक्त पिऊन भिंतीवर विसावलेला डास म्हातारा होण्याआधी मेला पाहिजे.

परोपजीवीची वाढ तापमानावरही अवलंबून असते. सरासरी २० अंश असताना फाल्सिपेरम या घातक हिवतापाच्या परोपजीवीला जवळजवळ चार आठवडे लागतात, २६ अंशांना अकरा दिवसांच्या आसपास. १६ अंशांखाली ही वाढ थांबते. विदर्भाचे ऋतुचक्र या चौकटीत बसवून पाहिले तर बराच उलगडा होतो. मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ च्या घरात जातो, हवा कोरडी ठणठणीत असते. परोपजीवीला ऊब भरपूर आहे, पण डासच जगत नाही. पावसाने हवा दमट होते, तापमान उतरते, डबकी भरतात. डासाला दीर्घायुष्य आणि परोपजीवीला योग्य ऊब, हे दोन्ही जुलै ते नोव्हेंबर या काळात एकत्र येते. गडचिरोलीत हिवतापाचा जोर पावसाळ्यात आणि त्यानंतर का वाढतो, याचे उत्तर इथे आहे.

अचलपूर, मुंबई आणि तीन वेगळे डास

रॉस यांच्या शोधानंतर लगेचच हिंदुस्थानभर लष्करी डॉक्टर अ‍ॅनोफिलीस शोधू लागले. त्यातले एक विल्यम ग्लेन लिस्टन. वऱ्हाडातील एलिचपूर, म्हणजे आजचे अचलपूर, येथे असताना त्यांनी वर्षभर या डासांच्या सवयी नोंदवल्या आणि १९०१ मध्ये त्या प्रसिद्ध केल्या. अ‍ॅनोफिलीस स्टीफन्साय या डासाला शास्त्रीय नाव देणारे लिस्टन हेच. पुढे ते मुंबईला परळच्या प्रयोगशाळेत गेले, तिथे प्लेग उंदरांवरच्या पिसवांमधून पसरतो याचे पुरावे गोळा करण्यात त्यांचा मोठा वाटा होता. मुंबई बंदरात गोदीच्या बांधकामावेळी हिवतापाची साथ उसळली, तेव्हा १९०८ मध्ये त्यांनी स्टीफन्सायकडे बोट दाखवले. १९११ मध्ये चार्ल्स बेंटली यांनी मुंबईची तपासणी केली. हा डास दलदलीतला नव्हे, तर वाड्या-चाळींतल्या विहिरी आणि टाक्यांतला आहे, हे स्पष्ट झाले. विहिरी बुजवण्याची, झाकण्याची मोहीम सुरू झाली. विहिरीच्या पाण्याला धार्मिक महत्त्व देणाऱ्यांनी विरोधही केला. आजही मुंबईत गच्चीवरच्या टाकीला डासबंद झाकण लागते, ते याच तपासणीचे दूरचे फळ.

विदर्भाच्या खेड्यांत मात्र मुख्य वाहक वेगळा, अ‍ॅनोफिलीस क्युलिसिफेसिस. तो माणसापेक्षा गुरांचे रक्त अधिक पितो. त्यामुळे साथ टिकायला तो मोठ्या संख्येने लागतो. भामरागड, एटापल्ली, धानोऱ्याच्या डोंगराळ जंगलात वाहत्या ओढ्यांच्या काठी वाढणारा फ्लुव्हिएटिलिस हा तिसरा डास. त्याचा ओढा माणसाकडे, म्हणून तो थोडा असला तरी पुरतो. एकाच परोपजीवीचा रोग मुंबईत, वऱ्हाडात आणि गडचिरोलीत वेगळ्या रीतीने वागतो, कारण डास वेगळे आहेत.

नागपूरचा राखाडी डास

कोलकात्यात ज्या राखाडी डासाच्या लाळग्रंथीत रॉस यांना ते धागे दिसले, तो क्युलेक्स क्विंकिफॅसिएटस. जुन्या पुस्तकांत त्याचे नाव क्युलेक्स फॅटिगन्स. प्रताप नगरातल्या सेप्टिक टँकमध्ये, तुंबलेल्या गटारात, नाल्याच्या काळ्या पाण्यात वाढतो तो हाच. माणसाचा हिवताप तो देऊ शकत नाही. त्याच्यामुळे होतो तो हत्तीरोग, आणि नागपूर, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली हा पट्टा त्यासाठी जुन्या काळापासून ओळखला जातो.

इथे कीटकाची भूमिका पुन्हा बदलते. हिवतापाचा परोपजीवी डासात हजारो पटींनी वाढतो. हत्तीरोगाचा कृमी डासात मोठा होतो, पण त्याची संख्या वाढत नाही. जितके आत गेले, त्यातले काहीच बाहेर पडतात. शिवाय ते लाळेबरोबर टोचले जात नाहीत. डासाच्या सोंडेतून ते त्वचेवर उतरतात आणि चाव्याच्या जखमेतून आत शिरतात. डासाच्या छातीच्या स्नायूंत कृमी जास्त झाले तर डासच मरतो. त्यामुळे एखाद-दुसऱ्या चाव्याने हत्तीरोग होत नाही. वर्षानुवर्षे, हजारो चावे घेणाऱ्या वस्तीतच तो मूळ धरतो. हिवताप दोन आठवड्यांत झोपवतो, हत्तीपाय दिसायला अनेक वर्षे जातात. उशिरा सुजलेल्या पायाकडे पाहून लोक नशिबाला दोष देतात, कारण डासाचा आणि त्याचा संबंध इतक्या वर्षांनी कुणाच्या लक्षात राहणार?

आणखी एक विलक्षण गोष्ट. या कृमीची पिल्ले दिवसा फुफ्फुसांच्या रक्तवाहिन्यांत दडून बसतात आणि रात्री बाहेरच्या रक्तात येतात. क्युलेक्स डास चावतो तोही रात्रीच. हत्तीरोगाची रक्ततपासणी पथके रात्री आठनंतर घरोघरी येतात, ती त्यामुळे. २०१९ मध्ये तीन औषधे एकत्र देण्याची मोहीम देशातल्या ज्या पहिल्या काही जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत नागपूर होते. माणसाच्या रक्तातली पिल्ले संपली, तर डास चावूनही त्याला पुढे न्यायला काही मिळत नाही.

कूलरमधला डास या दोघांहून निराळा. स्वच्छ साठलेल्या पाण्यातला, दिवसा चावणारा एडिस. त्याच्यामुळे येणारा डेंग्यू विषाणूचा, परोपजीवीचा नव्हे. धुरळणीच्या गाडीमागे जाताना हे तीन डास एकच समजले जातात. सेप्टिक टँकच्या जाळीने एडिस थांबत नाही, आणि कूलर कोरडा केल्याने क्युलेक्स कमी होत नाही.

मियां मीरचा पराभव

डासांची पैदास रोखा, हे रॉस यांचे उत्तर होते. सुएझ कालव्यावरील इस्माइलिया शहरात १९०२ पासून ते अमलात आले आणि हिवताप झपाट्याने उतरला. हिंदुस्थानात मात्र लाहोरजवळच्या मियां मीर छावणीत हाच प्रयोग फसला. वर्षे गेली, पैसा गेला, डास कमी झाले नाहीत. सरकारी तज्ज्ञांनी निष्कर्ष काढला की हा मार्ग इथे चालणार नाही. प्रयोगाचा प्रदेश फार लहान होता, भोवतालच्या कालव्यांतून डास उडत येत राहिले, असे रॉस यांचे म्हणणे. या बाबतीत त्यांची बाजू पुष्कळच रास्त होती. मियां मीरच्या अपयशाचा दाखला देऊन सरकारने पुढे अनेक वर्षे डास-नियंत्रणावर हात आखडता घेतला. छावण्यांत क्विनीन वाटणे स्वस्त पडत होते. त्याची झळ खेड्यांना बसली.

रॉस यांचा स्वभाव या पराभवांनी अधिक कडवट झाला. ग्रासी यांच्याशी भांडण होतेच. ज्यांनी वाट दाखवली, त्या मॅन्सन यांच्याविरुद्धही एका पत्रावरून ते १९१२ मध्ये कायद्याची भाषा बोलू लागले. देवीची लस शोधणाऱ्या जेन्नर यांना ब्रिटिश संसदेने पैसे दिले होते, तसे आपल्यालाही मिळावेत, अशी मागणी त्यांनी केली. ती मान्य झाली नाही. १९११ मध्ये सर ही पदवी मिळाली. १९२८ मध्ये पैशांची गरज म्हणून त्यांनी आपली सगळी कागदपत्रे विकायला काढली. लेडी ह्यूस्टन यांनी ती दोन हजार पौंडांना घेतली. ती आज लंडनमध्ये अभ्यासकांना पाहता येतात. मॅन्सन यांच्याशी झालेला पत्रव्यवहार त्यांत आहे. त्यावरून एका शोधाचा रोजचा हिशेब मांडता येतो.

जानेवारी १९२७ मध्ये रॉस शेवटचे हिंदुस्थानात आले, तेव्हा कोलकात्यात त्यांच्या नावाच्या स्मारकद्वाराचे उद्घाटन झाले. १६ सप्टेंबर १९३२ रोजी लंडनमध्ये त्यांचे निधन झाले. हुसेन खानचे पुढे काय झाले, हे कोणी लिहून ठेवलेले नाही. बेगमपेठची ती इमारत अजून उभी आहे आणि उस्मानिया विद्यापीठाच्या ताब्यात आहे.